ईमेलचा पत्ता देताना हात आखडता घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राप्तिकर विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की 'तुमचा परतावा मंजूर झाला आहे, बँक खाते तातडीने पडताळून घ्या' अशा मेलांना ऊत येतो. वृत्तपत्रे आणि बँका मग नेहमीची सूचना देतात: अनोळखी लिंक उघडू नका. सूचना योग्य आहे, पण ती फार उशिरा कामी येते. तोवर आपला पत्ता नको त्यांच्या हाती पडलेला असतो आणि एका यादीतून दुसऱ्या यादीत विकला जात असतो. तो परत घेण्याची काही सोय नाही. म्हणून इनबॉक्स राखण्याचे निम्म्याहून अधिक काम पत्ता देतानाच करावे लागते.

पत्ता बाहेर जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. संस्थेच्या वेबसाइटवर किंवा पीडीएफमध्ये उघडा छापलेला पत्ता गोळा करणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. एखाद्या खरेदीच्या किंवा नोकरीच्या संकेतस्थळाची माहिती फुटली की लाखो पत्ते एकदम बाहेर येतात. आपला पत्ता अशा कोणत्या गळतीत सापडला आहे हे 'हॅव आय बीन पॉन्ड' या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ऑस्ट्रेलियाचे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट २०१३ पासून ते चालवत आहेत. मॉलमधली बक्षीस योजना, प्रदर्शनातली नोंदवही, फुकट वायफाय या वाटा सर्वांना दिसतात. सर्वांत दुर्लक्षित वाट मात्र आपल्या गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, मंडळे आणि संमेलनांच्या समित्यांमधून जाते.

सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना दीडशे सभासदांना एकाच मेलने जाते आणि सगळे पत्ते 'टू' किंवा 'सीसी'च्या रकान्यात असतात. त्या क्षणी प्रत्येकाचा पत्ता दीडशे संगणकांवर जाऊन बसतो. त्यांतल्या एकाच संगणकात घातक प्रोग्रॅम शिरला तरी पुरे होते. इमोटेट नावाचा असा प्रोग्रॅम जुने मेल चोरायचा आणि त्याच विषयाखाली, त्याच संभाषणाला उत्तर दिल्यासारखा, संसर्ग पसरवणारा मेल पाठवायचा. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तो बंद पाडला, तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा वर आला. सचिवांच्या नावाने, कालच्याच सभेच्या विषयाखाली आलेली फाईल उघडताना कोण संशय घेईल? याला उपाय दोन मिनिटांचा आहे. 'टू'मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता घालावा आणि बाकी सर्वांना 'बीसीसी'त ठेवावे, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला पाचशेपेक्षा जास्त जणांना मेल जात नाही, त्यामुळे मोठ्या संस्थांनी गूगल ग्रुपसारखी सोय वापरावी. तिथे सभासदांची यादी फक्त व्यवस्थापकांना दिसेल अशी सेटिंग आठवणीने करून घ्यावी. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही माझी हीच विनंती आहे. त्यांच्या याद्या मोठ्या असतात आणि पदाधिकाऱ्यांबरोबर हातोहात फिरत राहतात.

प्रत्येकाने स्वतःसाठी तीन पत्ते ठेवावेत असे मी आग्रहाने सांगेन. पहिला फक्त बँक, डिमॅट, विमा, प्राप्तिकर आणि आधार यांच्यासाठी. तो कुठल्याही दुकानात किंवा व्हिजिटिंग कार्डावर जाता कामा नये. दुसरा माणसांसाठी. तिसरा खरेदी, अ‍ॅप, तिकिटे, सवलती यांच्यासाठी. बदल एका दिवसात करू नये. आधी पहिल्या पत्त्याला मजबूत पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावावी, मग नेटबँकिंगमधून एकेका बँकेतला पत्ता बदलावा आणि जुन्या पत्त्यावर काही महिने लक्ष ठेवावे. यात एक चूक वारंवार होते. पहिल्या खात्याचा रिकव्हरी मेल, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्याचा पत्ता, म्हणून तोच जुना, सगळीकडे वाटलेला पत्ता राहून जातो. जुने खाते कोणी फोडले की नव्या खात्याचे दार आपोआप उघडते. तसेच तिसऱ्या खात्यात अधूनमधून लॉगइन करत राहावे, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे गूगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे.

जीमेलमध्ये पत्त्यातल्या नावापुढे अधिकचे चिन्ह टाकून दुकानाचे नाव जोडता येते आणि मेल आपल्यालाच मिळतो. त्या जोडपत्त्यावर दुसऱ्याच कोणाचा मेल आला की माहिती कुठून फुटली ते कळते. पण याने पत्ता लपत नाही. अधिकच्या चिन्हापुढचा भाग छाटून टाकणे स्पॅमवाल्यांना अगदी सोपे असते आणि काही संकेतस्थळे ते चिन्ह स्वीकारतच नाहीत. खरोखर लपवायचे असेल तर टोपणपत्ता देऊन त्यावर आलेले मेल आपल्या खऱ्या पत्त्याकडे पाठवणाऱ्या सेवा वापराव्यात, उदाहरणार्थ अ‍ॅपलची 'हाइड माय ईमेल' किंवा मोझिलाची 'फायरफॉक्स रिले'. एखाद्या टोपणपत्त्यावर कचरा येऊ लागला की तेवढाच बंद करायचा. बँकेला मात्र टोपणपत्ता देऊ नये. ती सेवा बंद पडली तर बँकेचे मेल हवेतच राहतील.

आता आलेल्या मेलाबद्दल. नुसते डिलीट करण्याने काही साधत नाही, कारण हा मेल नको होता हे फिल्टरला कळतच नाही. 'रिपोर्ट स्पॅम' केल्यावर ते कळते, आणि पाठवणाऱ्याची पत इतर लाखो लोकांसाठीही घसरते. मात्र आपणच कधीतरी मागितलेल्या मेलावर ते बटण दाबू नये. बँकेच्या जाहिरातीला कंटाळून स्पॅम म्हटले की पुढच्या महिन्याचे क्रेडिट कार्डाचे बिलही स्पॅममध्ये जाऊन बसू शकते आणि विलंब शुल्क भरावे लागते. ओळखीच्या कंपनीच्या जाहिरातींसाठी 'अनसबस्क्राइब' वापरावे. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारे ते बटण दाबावे. मेलाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली लिंक टाळावी. २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय देण्याची सक्ती केली आहे. गूगलच्या लेखी दिवसाला पाच हजार मेल पाठवणारा हा घाऊक, आणि त्याने दोन दिवसांत नाव काढले पाहिजे. जीमेलच्या डावीकडच्या यादीत २०२५ पासून 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' हा पर्यायही आला आहे. कोण किती मेल पाठवतो ते तिथे एका जागी दिसते. पूर्ण अनोळखी माणसाच्या मेलातले 'अनसबस्क्राइब' मात्र दाबू नये. त्यातून आपला पत्ता जिवंत आहे एवढेच त्याला कळते, आणि जिवंत पत्त्याला बाजारात जास्त भाव असतो.

'ब्लॉक' या बटणावर अनेकांची भिस्त असते. रोज पाठवणाऱ्या एखाद्या त्रासदायक माणसासाठी ते ठीक आहे. स्पॅमवाले दर वेळी नवा पत्ता वापरतात, त्यामुळे त्यांना ब्लॉक करत बसण्यात वेळ जातो आणि यादी वाढते, बाकी काही नाही.

मेलातली चित्रे आपोआप उघडू देऊ नयेत. अनेक जाहिरातींत डोळ्यांना न दिसणारे, एक पिक्सेलचे चित्र असते आणि प्रत्येकाच्या मेलात त्या चित्राचा पत्ता वेगळा असतो. ते चित्र सर्व्हरवरून उतरले की मेल कोणी व कधी उघडला याची नोंद तिकडे होते. जीमेल २०१३ च्या अखेरीपासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, म्हणून आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, झाकला जातो. मेल उघडल्याची बातमी मात्र पोहोचतेच. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये 'जनरल'खाली 'इमेजेस' असा भाग आहे. तिथे 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडून खाली जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबावे. सेव्ह करायला लोक हटकून विसरतात.

पाठवणाऱ्याचे नाव खरे मानू नये, कारण ईमेलची मूळ व्यवस्थाच विश्वासावर बेतलेली आहे. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेण्याचे एसएमटीपी हे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हा जाळ्यावर विद्यापीठांचे, संशोधन संस्थांचे आणि लष्कराचे मोजकेच संगणक होते. अंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याने कोणाचेही नाव लिहावे, तसेच इथेही 'फ्रॉम'मध्ये काहीही लिहिता येते. मोबाइलवर तर फक्त नाव दिसते. 'टू मी'शेजारचा छोटा बाण दाबल्याशिवाय खरा पत्ता समोर येत नाही. पत्ता उघडल्यावर 'अ‍ॅट'च्या चिन्हापुढचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ते सरकारी डोमेन, म्हणजे इंटरनेटवर नोंदवलेले नाव. पण 'इन्कमटॅक्स-गव्ह-इन डॉट कॉम' असे असेल तर शेवटचे 'डॉट कॉम' आणि त्याच्या लगेच डावीकडचा आडव्या रेघांनी जोडलेला शब्द एवढेच खरे डोमेन. ते कोणीही हजारभर रुपयांत विकत घेऊ शकते. लिंक तपासताना 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतच बघावे आणि तिथून डावीकडे यावे. त्या रेघेनंतर कितीही मोठ्या बँकेचे नाव आले तरी त्याला अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव डोमेनवर नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. हे डोमेन बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. आपल्या बँकेचा तो पत्ता एकदा नीट खात्री करून ब्राउझरमध्ये बुकमार्क करावा आणि मेलातली लिंक कधीही वापरू नये.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे त्यांनी संगणकावर मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' पाहावे. मेल सांगितलेल्या डोमेनवरूनच आला आहे का हे पाहणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्यांचे निकाल तिथे वर असतात. तिथे 'पास' दिसले म्हणून मेल सज्जनाचा ठरत नाही. 'इन्कमटॅक्स-गव्ह-इन डॉट कॉम'चा मालकही आपल्या डोमेनच्या तपासण्या व्यवस्थित पास करून घेतो. पास झालेले डोमेन आणि मेल ज्याच्या नावाने आला आहे त्याचे डोमेन एकच आहे का, एवढेच तिथे बघायचे असते.

फाईलींच्या बाबतीत विंडोजची एक सेटिंग आधी बदलावी. मुळात विंडोज फाईलच्या नावामागचा प्रकार लपवते, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाईल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. फाईल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करावे. पासवर्ड लावलेली झिप फाईल आणि पासवर्ड त्याच मेलात, असे दिसले तर ती उघडूच नये. पासवर्डमुळे मेल सर्व्हरला फाईल आत शिरून तपासता येत नाही, आणि त्यासाठीच तो लावलेला असतो. बँकेच्या विवरणपत्रालाही पासवर्ड असतो, पण तो जन्मतारीख किंवा पॅनवरून बनतो. मेलात उघडा लिहिलेला नसतो. एचटीएमएल प्रकारची जोडफाईलही तितकीच वाईट. ती उघडली की आपल्याच संगणकावर लॉगइनचे बनावट पान उभे राहते.

दोन प्रसंगी लोक हमखास गोंधळतात. पहिला म्हणजे अचानक, तासाभरात शेकडो वृत्तपत्रिका आणि नोंदणीचे मेल येणे. हा नुसता त्रास नसतो. आपल्या खात्यातून पैसे गेल्याची किंवा कार्डावर खरेदी झाल्याची सूचना त्या गर्दीत बुडवण्यासाठी कोणीतरी आपला पत्ता यंत्राने शेकडो ठिकाणी नोंदवलेला असतो. अशा वेळी सगळे निवडून पुसून टाकण्याची घाई करू नये. आधी इनबॉक्समध्ये बँकेचे नाव, 'ओटीपी', 'ऑर्डर', 'पासवर्ड' हे शब्द शोधावेत, बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून कार्ड थांबवावे आणि नंतरच साफसफाई करावी. दुसरा प्रसंग म्हणजे 'मी तुमचा कॅमेरा ताब्यात घेतला आहे, बिटकॉइनमध्ये पैसे द्या' असा, आपल्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसणारा मेल. त्यात आपला जुना पासवर्डही दिलेला असतो, म्हणून माणूस हादरतो. तो पासवर्ड कुठल्या तरी फुटलेल्या यादीतून उचललेला असतो आणि 'फ्रॉम'मधला आपला पत्ता खोटा असतो. पैसे देऊ नयेत, उत्तरही देऊ नये. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर लगेच बदलावा.

खाते खरोखरच फुटल्याचा संशय असेल तर पासवर्ड बदलून थांबू नये. सेटिंगमधले 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही भाग उघडून बघावेत. घुसखोर बहुतेक वेळा एक फिल्टर करून ठेवतो: बँकेचा मेल आला की त्याची प्रत माझ्याकडे पाठव आणि मूळ मेल कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच चालू राहतो. छोट्या उद्योजकांचे पैसे असेच जातात. पुरवठादाराच्या खऱ्या बिलाची वाट बघत बसलेला घुसखोर योग्य वेळी 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल टाकतो. बदललेला खाते क्रमांक नेहमी, आपल्याकडे आधीपासून असलेल्या फोन क्रमांकावर बोलूनच पक्का करावा.

स्पॅमचा फोल्डरही आठवड्यातून एकदा चाळावा. जीमेल तिथले मेल तीस दिवसांनी कायमचे पुसते, आणि नेहमीचा शोध त्या फोल्डरमध्ये जातच नाही. शोधपट्टीच्या पर्यायांत 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडले तरच हरवलेले मुलाखतीचे किंवा प्रवेशाचे पत्र सापडते. ते सापडल्यावर 'नॉट स्पॅम' करावे, आणि बँक व विद्यापीठासारख्या ठिकाणांसाठी 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' असा फिल्टर कायमचा करून ठेवावा.

स्वतःचे डोमेन असलेल्या पतसंस्था, शाळा, प्रकाशन संस्था आणि छोट्या कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे. डोमेन सुरक्षित नसेल तर त्यांच्या नावाने कोणीही ग्राहकांना मेल पाठवू शकतो. आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा याची डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटवरच्या डोमेनांच्या जाहीर नोंदवहीतली, यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक मेलावर उमटणारी डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. मेल या दोन्हींत नापास झाला तर घेणाऱ्याने काय करावे याची सूचना म्हणजे डीमार्क. चुका ठराविक होतात. मेलसेवा बदलल्यावर जुनी एसपीएफ नोंद तशीच राहते. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी झाल्या की दोन्ही निकामी ठरतात. एसपीएफ तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस शोध घ्यावे लागले तर तीही चूकच धरली जाते, म्हणून न वापरलेल्या सेवा यादीतून काढाव्यात. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर, म्हणजे कारवाई नको असे सांगून, ठेवून तीन-चार आठवडे येणारे अहवाल वाचावेत. फीची पावती पाठवणारा वेबसाइटचा सर्व्हर यादीत घालायचा राहून गेला असेल तर तो तिथे उघडा पडतो. ते दुरुस्त करून मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी 'रिजेक्ट' (नाकारा) करावे. 'नन'वरच वर्षानुवर्षे ठेवलेला डीमार्क फक्त अहवाल देतो, बनावट मेल अडवत नाही. नुसत्या वेबसाइटसाठी घेतलेल्या, मेल न पाठवणाऱ्या डोमेनलाही 'कोणीही मेल पाठवू नये' अशी एसपीएफ नोंद आणि 'रिजेक्ट' लावून ठेवावा. भामटे अशीच मोकळी डोमेन हेरतात.

कायद्याकडून नको असलेल्या ईमेलबाबत आज फारशी मदत नाही. दूरसंचार नियामकाचे २०१८ चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये मेलाच्या उगमाबद्दल दिशाभूल करण्याचा उल्लेख होता, पण ते कलम अतिशय ढिसाळ शब्दांत लिहिलेले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केले. ते योग्यच झाले, पण राहिलेली पोकळी भरली गेली नाही. तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या उपद्रवाला ते लागू होत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे अशी तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. सोसायट्यांच्या महासंघांनी आणि शिक्षण संस्थांनी ती मुदत संपण्याची वाट न पाहता वेबसाइटवरच्या जुन्या पीडीएफ याद्या आत्ताच उतरवाव्यात.

फसवणूक झालीच तर पहिल्या काही तासांत १९३० वर फोन करावा, म्हणजे पुढे सरकलेली रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता राहते. त्यासोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तक्रारीला मेलाचा स्क्रीनशॉट जोडला तर तपासाला फारसा उपयोग होत नाही, कारण मेल कोणत्या सर्व्हरवरून कसा आला याची नोंद चित्रात नसते. संगणकावर तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'डाउनलोड मेसेज' करून ईएमएल प्रकारची मूळ फाईल जोडावी, आणि तपास पूर्ण होईपर्यंत इनबॉक्समधला मूळ मेल पुसू नये.

आपला विश्वासू,
मेल सर्व्हरची व्यवस्था पाहणारा एक वाचक, ठाणे